पुण्याहून दिसणारी टाकी

ये, अशी जवळ सरकून बस, दाराशी काऊन बसली पाहुण्यासारखी. मागच्या बारीले चहा ठेवते म्हटलं तं बस सुटते म्हणे अन् निंघून गेली, मले रागच आला तुह्या. आपल्याच गल्लीतली पोर तू, लग्न होऊन नागपूरले गेली म्हून काय झालं. आज चहा घेतल्याबिगर उठाचं नाई. त्याचं कारण आहे, ते सांगीन मागून.

तं मी मूळची पवनारकडची. माहेरी संडास नव्हता, आमी बाया उजाडाच्या आधी नदीकडं जाओ, पावसाळ्यात चिखलात पाय फसत, सापाचं भेव, अन् माणूस दिसला का उठून उभं राहा. लग्न झालं, हे वर्ध्याले शाळेत कारकून, भाड्याची खोली, तिथं पाच बिऱ्हाडांत एक संडास. म्हून सिंदी मेघेच्या टोकाले नाल्याच्या अंगानं हा प्लॉट घेतला तवा मी यायले एकच म्हटलं, सैपाकघर लहान करा, पण संडास घरात पाह्यजे. नव्वदच्या पुढची गोष्ट. हे हासले, म्हणे बायका दागिना मांगतात, अन् हे पाह्य.

पण जमीन काळी, पाणी जिरतच नाई. नाल्याले पूर आला का संडासची विटांची टाकी भरे अन् सारं उलटं घरात ये. काय सांगू तुले, सण असो का पाहुणे असो, खराटा घेऊन मीच. मंग संजू, माहा पोरगा, पुण्याले कंपनीत लागला, त्यानं आंगणात प्लास्टिकची मोठी बंद टाकी गाडून देली. भरली का मैला उपसाची गाडी बोलवाची. हे दर रविवारी झाकण उघडून बांबू घालून पाहेत, किती भरली ते. हौसच होती त्यायले. मंग यायले लकवा झाला, उजवं अंग गेलं, बांबू भितीले टेकला तो टेकलाच.

तवा संजूनं मशीन आणली. त्याची कंपनी कारखान्याच्या टाक्यायसाठी तेच बनवे. टाकीत एक तरंगता गोळा, त्याची तार घरातल्या डब्यात, डब्यात मोबाईलचं कार्ड. टाकी किती चढली ते पुण्याले त्याच्या मोबाईलवर दिसे. लग्नसराईत नागपूरची मंडळी आली तं त्याचा फोन, आई, घरी पाहुणे आहेत का. मी म्हटलं, तुले कोणं सांगितलं. म्हणे टाकीनं. हे अर्ध्या तोंडानं हासत, म्हणत, आपला पोरगा आपली नाई, टाकीची तब्येत पाह्यते.

मंग एका श्रावणात पावसानं झड लावली. नाला आंगणात आला, झाकणावरून पाणी. संजूचा फोन, आई, टाकी काठोकाठ आहे, आता घरात येईन, मी गाडी सांगून ठेवली. त्याचं काय चुकलं सांग, बापाले खाटेवरून उतरवता येत नाई, घरात मैला आला तं मी एकटी काय करीन, ह्याच धास्तीनं त्यानं केलं. आंगणातलं पाणी उतरलं तशी गाडी आली, पाइप टाकला, टाकी कोरडी करून गेली. संजूचा फोन आलाच, म्हणे आई, रिकामी झाली, आता निवांत राहा.

मी हाव म्हणतच होती अन् आंगणात जमीन फाटली. म्हैस डबऱ्यातून पाठ काढते ना, तशी टाकी हळूहळू वर आली. खाली सारं पाणीच पाणी, भरली होती तोवर आपल्या वजनानं बसून होती, रिकामी झाली अन् तरंगली. संडासचा पाइप तुटला, भांडं तडकलं. मी फोनवर म्हटलं, संजू, टाकी आंगणात उभी आहे रे. तो म्हणे, नाई आई, इथं सारं बरोबर दाखवते.

मंग पाऊस पुन्हा लागला, रस्ता बंद, गाड्या बंद, संजू तिकडं अडकला. शेजारच्यांच्या घरातही पाणी. मी यायच्याखाली बादली ठेवाले गेली तं यायनं तोंड भितीकडं केलं. जलमभर इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, बायकोनं आपली बादली चिखलातून न्यावी हे त्यायले सहन होईना. चहा देला तं नको. पाणी देलं तं नको. काऊन नको म्हणता, मी पाया पडली, रागावली, चमच्यानं ओठ उघडून पाह्यले. दात घट्ट. शेवटी ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, वाचले.

संजूनं येऊन टाकी सिमेंटमधी पक्की बांधली, नवं भांडं बसवलं, मशीनही पुन्हा लावली. सारं चांगलं झालं, पोरी, पण यायचं पाणी पेणं काही परतलं नाई. गोळीपुरता घोट घेतात अन् पेला सरकवतात. आता आभाळ भरलं का तेही नाई.

परवा संजूचा फोन, आई, टाकी पहिल्यासारखी भरत नाई, मशीन बिघडली का. मी म्हटलं, पाह्यते बाप्पा. काय सांगू त्याले. मशीन चांगली आहे म्हून सांगू का.

पाहुण्यासमोर मात्र हे नाई म्हणत नाईत, कारकुनाची रीत आहे, समोरच्यानं कप उचलला का आपणही उचलाचा. पाह्य, तिकडं खाटेवर तुह्यासंगं डाव्या हातानं बशी उचलली त्यायनं, अर्धी पेले. म्हून म्हणते, इतके दिवस लावत जाऊ नको. लवकर येजो, अन् येशीन तं दोनदा चहा घेजो.