पडदा धरायचं काम

माझं नाव वसंत, आडनाव राहू द्या, इथे इंग्लंडात कुणाला ते म्हणता येत नाही म्हणून कामावर सगळे मला व्हिन्स म्हणायचे, आणि मी पण ओ द्यायचो. जन्म पुण्याचा, कॅम्पातला. रेसकोर्सच्या तबेल्यामागे आमची खोली होती. वडील मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारे, खरारा करायचा, चंदी द्यायची, पहाटे फिरवून आणायचा. घोडा जिंकला की फोटो मालकाचा आणि जॉकीचा, वडिलांचा लगाम धरलेला हात तेवढा फोटोत यायचा, बाकी माणूस कापलेला. आई आम्हाला दाखवायची, हा बघ तुझ्या बाबांचा हात.

वडिलांचं एक होतं. घोड्याचा पाय मोडला आणि डॉक्टर म्हणाले आता इलाज नाही, की ते दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. जनावराने ज्याच्या हातचं खाल्लं त्याचाच हात शेवटी त्याच्या मानेवर पाहिजे, म्हणायचे, परक्यात जाऊ द्यायचं नाही त्याला. डोकं मांडीवर घेऊन बसायचे, मग घरी येऊन आंघोळ करायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. हे मी माझ्या पोरीला ती लहान असताना सांगितलं. कशाला सांगितलं, असं आता वाटतं.

तर मावसभावाने बोलावलं म्हणून लीड्सला आलो, लोकरीच्या गिरणीत लागलो, गिरणी बंद पडली, आणि फिरून घोड्यांपाशीच आलो बघा. तुम्ही शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर जाणार म्हणालात ना, तेच रेसकोर्स. स्टेशनपासून कोच सुटतो, त्यानेच जा, कार नेऊ नका, पार्किंगच्या शेतात चिखलात रुतते. सूटबूट घालायची गरज नाही, ते महागड्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांसाठी, तुम्ही स्वस्तातल्या बाजूला जा, सँडविच घरून न्या, आणि गरम कोट घ्या, तिथला वारा फार वाईट. आधी गाइडबरोबर टूर करा. ती हिस्टरी छान सांगते, पूर्वी म्हणे दोन जमीनदारांनी पैज लावली, ह्या चर्चच्या सुळक्यापासून त्या चर्चच्या सुळक्यापर्यंत, मधे येईल ते कुंपण, ओढा, चर, सगळं घोड्यावरून उडी मारत ओलांडायचं. त्याचंच पुढे हे रेसकोर्स झालं, जिंकलेल्या घोड्यांच्या पितळी पाट्या लागल्या, दारात एकाचा पुतळा आहे. पडलेल्यांची पाटी नाही. ज्या फेन्सवर, म्हणजे उडीच्या कुंपणावर, पडतात तिला मात्र नाव असतं, ते पण कुठल्यातरी साहेबाचं.

माझं काम काय, तर फेन्सची डागडुजी. त्या बर्चच्या फांद्यांच्या असतात, घोडे वरून गेले की विस्कटतात, त्या परत खोचायच्या. आणि दुसरं काम पडद्याचं. घोडा पडला आणि उठला नाही तर आम्ही चारपाच जण हिरवं कापड घेऊन पळायचो, काठ्या धरून त्याच्याभोवती उभे राहायचो. पाठ घोड्याकडे, तोंड लोकांकडे, हा नियम. आत व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, त्याला कायमचं झोपवतो ते लोकांना दिसू नये, कारण लोक पोराबाळांना घेऊन आलेले असतात, आईस्क्रीम खात असतात. डे आउट खराब व्हायला नको ना त्यांचा! काय सांगू तुम्हाला, मी किती वेळा उभा राहिलो त्याची गणतीच नाही, आणि एकदा पण मागे वळून पाहिलं नाही.

माझी पोरगी मनीषा. तिच्या आईला वाटायचं फार्मसिस्ट व्हावं, ह्या बाईसाहेब शाळा संपली तशा तबेल्यात कामाला. आई महिनाभर बोलली नाही, मी मात्र खूश, खोटं कशाला बोलू, आजोबांचा हात आलाय म्हणायचो. तिच्याकडे सांभाळायला एक करड्या रंगाचा घोडा होता, त्याला ती सोन्या म्हणायची, रेसबुकात त्याचं नाव लांबलचक, कुठल्यातरी लॉर्डसारखं. तिचा आवाज आला की तो तबेल्यातून फुरफुरायचा. फोनवर अर्धा तास सोन्याचंच, बाबा, आज सोन्या असं केली, सोन्या तसं केली, हिचं मराठी असं, पण मला ऐकायला गोड लागायचं.

आणि तो पडला माझ्याच फेन्सवर. तो शनिवारच होता, चांगलं ऊन पडलेलं. पुढचा पाय लोंबत होता, व्हेटची गाडी आली, आम्ही पडदा उभा केला, आणि मी तोंड लोकांकडे करून उभा राहिलो तर समोरून मनीषा रेलिंगखालून वाकून धावत येतेय, हातात सोन्याला धरायची दोरी. बाबा, लेट मी इन. मी आमच्या हेडकडे पाहिलं, त्याने मान हलवली, नो. नियमात सांभाळणाऱ्या पोरीला आत सोडू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं, त्या माणसाला फक्त घाई होती, पुढची रेस लागायची होती. ती म्हणाली, बाबा, आजोबांनी सोडला नसता, तुम्हीच सांगितलं ना मला. मी म्हटलं, मनू, नको बघूस, बाळा. ती म्हणाली, बघायला नाही आले मी, त्याला हात लावायला आले.

आणि तिचा आवाज ऐकून तो माझ्या पाठीमागे फुरफुरला. नेहमी करायचा तसाच. ती ऐकत होती, मी ऐकत होतो, मधे ते हिरवं कापड, आणि काठी माझ्या हातात. मग तो गप्प झाला.

तिने दोरी माझ्या बुटांपाशी टाकली आणि गेली. आम्ही पडदा गुंडाळला, मी फांद्या खोचल्या, तोवर पुढचे घोडे रिंगणात फिरायला लागले होते. हेडने पाठ थोपटली, वेल डन व्हिन्स, म्हणाला. थुंकावंसं वाटलं मला. पण थँक यू म्हणालो. जन्मभर दुसरं काय शिकलो इथे?

लोक म्हणतात, तुम्ही काय करणार, नोकरी होती. हो ना, नोकरी होती. वडिलांची पण नोकरीच होती की. त्यांना पण मालक होता.

मनीषाने घोडे सोडले. आता ब्रॅकनेलला असते, ऑफिसात, कॉम्प्युटरवर. नवरा चांगला आहे, मुलगी झालीय, आमची नात, तिला अजून घोडा दाखवला नाही म्हणे, दाखवणार पण नाही. भांडण नाही हो आमचं. दिवाळीला येतात, मी केलेली चकली खाते, पाया पडते. फक्त बोलत नाही. दर रविवारी फोन येतो, मीच उचलतो, ती म्हणते, हाय बाबा, आई आहे का? मी म्हणतो, आहे, देतो. मग फोन तिच्या आईच्या हातात देतो आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. दोघी मागे बोलत असतात, कधी हसतात. मी वळून बघत नाही.

असो. पोरगी सुखात राहो. तुम्ही जा शनिवारी, मजा करा, कोट तेवढा विसरू नका.