काळी शाई कमी आहे

मेहुणा: भाऊजी, इथे आम्ही सगळे टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलोय, आणि टीव्हीवर आलंय, 'काळी शाई कमी आहे'.

डॉक्टर: काय कमी आहे?

मेहुणा: काळी शाई. त्याखाली, 'कागदाचा ट्रे तपासा'. त्याखाली हिरवं बटण, त्यावर 'चाचणी'. बाबांना वाटलं, तुम्ही नवकविता सुरू केलीत.

डॉक्टर: अरे, साइटचा पत्ता नीट टाकलास का? मी पाठवलेला?

मेहुणा: ताईनं एकेक अक्षर वाचलं, मी टाकलं.

डॉक्टर: ताई आहे तिथे?

मेहुणा: तिचंच घर आहे, भाऊजी. ती कुठे जाणार?

डॉक्टर: नाही, म्हणजे... बरोबर आहे. पण टिल्लू, माझ्याकडे तर झकास उघडतंय रे. वर बाबांचा फोटो, खाली सगळ्या गोष्टी ओळीनं. आळशी पोस्टमन, मगर आणि पहारेकरी, टोपी विकणारा. बोट लावलं की बाबांचा आवाज.

मेहुणा: साइट तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, ती तुमच्या कॉम्प्युटरवर उघडणारच. आरशात बघून 'चला, एक जण तरी ओळखतो' म्हणण्यातला प्रकार.

डॉक्टर: तो प्रकार मी रोज करतो. साइट पहिल्यांदा उघडली तेव्हा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. घरात एकटाच. मग वाटलं, टाळ्यांना उत्तर द्यायला हवं, म्हणून जरा वाकलोसुद्धा.

मेहुणा: थांबा, बाबा पाटीवर काहीतरी लिहितायत. 'जावईबापूंचं दुकान उघडलं का?'

डॉक्टर: जावईबापू लिहिलंय?

मेहुणा: तुमचं आणि ताईचं कागदावर मोडलं, हे त्यांना सांगून झालंय. ते ऐकत नाहीत. आता तर घशाच्या ऑपरेशनपासून बोलणं बंद, त्यामुळे वाद घालायचीही सोय नाही. लिहितात आणि पाटी पुसून टाकतात.

डॉक्टर: सांग त्यांना, दुकान उघडलंय, शटर अडकलंय.

मेहुणा: काल बाहेरून उघडत होतं ना?

डॉक्टर: अरे, मस्त उघडत होतं! बागेत जाऊन फोनवर पाहिलं. बाकावर एक बाई बसल्या होत्या, त्यांनाही दाखवलं. त्या 'छान' म्हणाल्या आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

मेहुणा: मग आज काय केलंत?

डॉक्टर: काही नाही.

मेहुणा: भाऊजी, मी कॉम्प्युटर विकतो. बिघडलेलं घेऊन गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य हेच असतं.

डॉक्टर: माझ्याकडेही. 'गोड खातच नाही हो डॉक्टर', आणि दाढेत गुहा. बरं, सांगतो. सकाळी जरा वेळ वीज गेली. आली तेव्हा साइट चालवणारा सर्व्हर सुरू होईना. म्हणून त्याच्या फाइलीत दोन ओळी बदलल्या. मग वाटलं, आधीच्याच बऱ्या होत्या. पण आधीच्या आठवेनात. मग अंदाजानं घातल्या, आणि तो सुरू झाला.

मेहुणा: याला तुम्ही 'काही नाही' म्हणता?

डॉक्टर: टिल्लू, खरं सांग, कोणी माझ्या कॉम्प्युटरात घुसलं तर नाही ना?

मेहुणा: दातांच्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरात घुसून शाईची तक्रार कोण करेल?

डॉक्टर: एखादा जुना पेशंट.

मेहुणा: मला तर जाहिरात वाटतेय. हे हिरवं बटण दाबून बघू?

डॉक्टर: अजिबात नाही! अनोळखी बटणाला हात लावू नका असं तूच मला... बाप रे.

मेहुणा: काय झालं?

डॉक्टर: हळू बोल. घरात कोणीतरी आहे.

मेहुणा: म्हणजे?

डॉक्टर: आतल्या खोलीतून घरघर येतेय. मी दाराशी उभा आहे. हातात टूथब्रश आहे.

मेहुणा: टूथब्रश कशाला?

डॉक्टर: हाताला लागला तो घेतला. माझ्या घरात दुसरं काय लागणार? थांब, डोकावतो... अरे, प्रिंटर आहे! आपोआप सुरू झालाय. कागद बाहेर येतोय. नुसते पट्टे पट्टे.

मेहुणा: भाऊजी, मी आत्ता ते बटण दाबलं.

डॉक्टर: तिथे?

मेहुणा: इथे. पुन्हा दाबू?

डॉक्टर: दाब... आला. अजून एक आला! काळा पट्टा फिकट आहे.

मेहुणा: म्हणजे शाई खरंच कमी आहे.

डॉक्टर: शाईचं सोड रे! माझा प्रिंटर तुझ्या टीव्हीवर काय करतोय?

मेहुणा: आलं लक्षात. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, खोली दिल्यासारखा. तुम्ही त्याला सांगून ठेवलंत, 'बाहेरून कोणी आलं की पाच नंबरला पाठव, तिथे कॉम्प्युटर आहे.' सकाळी वीज गेली, आली, आणि त्यानं खोल्या नव्यानं वाटल्या. प्रिंटर लवकर उठला. पाच नंबर त्यानं पटकावला, आणि प्रिंटरचंही स्वतःचं एक पान असतं.

डॉक्टर: म्हणजे एवढा वेळ तुम्ही सगळे माझ्या प्रिंटरकडे बसला होतात?

मेहुणा: आणि तो बिचारा आल्यागेल्याला आपलं दुःख सांगत होता.

डॉक्टर: आणि मी तिकडे सर्व्हर खरवडत बसलो. दुखतोय एक, उपटतोय शेजारचा. यावरून कॉलेजात पहिल्याच वर्षी बोलणी खाल्ली होती.

मेहुणा: आता त्या प्रिंटरची पिन काढा आणि राउटरचं पान उघडा. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असेल.

डॉक्टर: राउटर टेबलाखाली, पार भिंतीशी आहे. तुला स्पीकरवर टाकतो. वाकतोय... आई गं!

मेहुणा: लागलं का?

डॉक्टर: डोकं आपटलं. काळजी नको, आत फारसं काही नव्हतं.

मेहुणा: मिळाला पासवर्ड?

डॉक्टर: मिळाला. उघडलं पान. यादी आलीय. कॉम्प्युटर आठ नंबरला जाऊन बसलाय, गरीब बिचारा.

मेहुणा: त्याच्या नावापुढे पाच घाला आणि 'राखीव'वर खूण करा. म्हणजे वीज कितीही वेळा गेली तरी ती खोली त्याचीच.

डॉक्टर: केली. विचारतोय, 'राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल, चालेल का?' चालेल ना?

मेहुणा: चालेल. पण भाऊजी, तुम्ही फोन वायफायवरून तर नाही ना...

(फोन तुटतो. थोड्या वेळानं पुन्हा वाजतो.)

डॉक्टर: टिल्लू, सगळे दिवे आले! एक लाल होता, तोही हिरवा झाला. लवकर सांग, शाई की बाबा?

ती: बाबा.

डॉक्टर: अगं... तू.

ती: टिल्लू टीव्हीचा आवाज वाढवतोय. फोन माझ्या हातात कोंबला.

डॉक्टर: उघडलं मग?

ती: उघडलं. फोटो आडवा ताणला गेलाय. बाबा त्यात चांगले गुटगुटीत दिसतायत.

डॉक्टर: तो सरळच होईना. खूप झटापट केली, शेवटी मीच हरलो.

ती: राहू दे. सध्या इतके वाळलेत, तसेच दिसलेले बरे. पण मला एक सांग, एवढा घाट कशाला घातलास? कॅसेटमधल्या गोष्टी तू कॉम्प्युटरवर घेतल्याच होत्यास. एका पेनड्राइव्हवर घालून पाठवायच्या.

डॉक्टर: हो, ते सोपं होतं.

ती: मग?

डॉक्टर: म्हटलं, नवीन काहीतरी शिकावं. दुपारी पेशंट नसतात, मेंदूला गंज चढतो, कुठेतरी वाचलं होतं की या वयात...

ती: डॉक्टर.

डॉक्टर: पेनड्राइव्ह पाठवला असता तर टिल्लूनं फोन करून 'मिळाला' सांगितलं असतं, आणि विषय संपला असता. गोष्टी इथे असल्या की तुम्हाला ऐकण्यासाठी माझ्याकडे यावं लागतं. म्हणजे येत कोणीच नाही. वायरीतून येता, मला पत्ताही लागत नाही, चहा विचारायचीसुद्धा सोय नाही. वेडेपणाच आहे. आणि एवढं करून, पहिल्यांदा पाहुणे आले तर त्यांना नेऊन प्रिंटरसमोर बसवलं... आहेस ना?

ती: आहे. ऐकतेय.

डॉक्टर: बाबा काय करतायत?

ती: लिहितायत. थांब हं. 'किती बोलतो हा माणूस!'

डॉक्टर: मी?

ती: नाही रे, ते स्वतः. टीव्हीकडे बोट दाखवतायत.

डॉक्टर: हसतायत का?

ती: आवाज नाही. पण खांदे हलतायत. टिल्लूनं तोंड फिरवलंय, त्याचेही हलतायत, ते हसून नाही.

डॉक्टर: कुठली गोष्ट लावलीत?

ती: मगरीची.

डॉक्टर: अगं, ती फार लांब आहे. मध्येच ते पुढचं विसरतात, आणि कॅसेटमधली आपली एवढीशी लेक त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते.

ती: असू दे. आम्हाला कुठे जायचंय?