आमच्या ह्यांचा सुपरचार्जर

...आणि वर मला म्हणतात, "केसर, हात लावून बघ, वारा कसा लागतो!" आता तुम्हाला सांगते, मूठभर प्लास्टिकचा पंखा तो, त्याला दोन वायरी, आणि नाव काय तर इलेक्ट्रिक सुपरचार्जर! आमचे हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मोबाइलवर काय काय बघत बसतात. कुणी टोपीवाला म्हणाला, इंजिनाच्या तोंडाशी हा बसवा, हवा जास्त म्हणजे ताकद जास्त! झालं, मागवला.

बरं, गाडी एकोणीस वर्षांची. आमच्या बरकतपुऱ्यातून निघाली की सपाटीवर शहाण्यासारखी चालते, पण एसी लावून उड्डाणपूल चढायचा म्हटलं की धापा टाकते. आमची लेक रेणुका म्हणाली, "पप्पा, बस झालं. रविवारी एसी लावून, चौघांना घेऊन पूल चढली तर ठेवा, नै तो सोमवारी विकायची."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, तरी हे तशीच खाऊन उठले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. अहो, आमच्या सात पिढ्यांत पहिली गाडी ती. माझे सासरे परभणीकडे जन्मभर पायी हिंडले आणि शेवटची दोन वर्षं पुढच्या सीटवर ऐटीत बसले. ती विकायची म्हणजे ह्यांच्या जिवाला... जाऊ द्या.

तर पंखा घेऊन अफझलगंजला मिस्त्रीकडे गेलो. खाजामियाँ बिचारे कपाळाला हात लावून म्हणतात, "साब, ये बाल सुखाने का पंखा कैकू लगारे? इंजन को जित्ती हवा होना, ये उत्ती देताच नै. उल्टा हवा के रस्ते में खडा रैता." हे ऐकतात थोडंच? "हवा जास्त, तो ताकत जास्त!" "हौ साब," म्हणाले आणि बसवला. निघताना मला मात्र हळूच म्हणाले, "अम्मा, चढान पे एसी बंद कर देना, बस."

रविवार उजाडला. मे महिना, दुपारचे दोन! हे स्टिअरिंगवर, शेजारी डाव्या सीटवर मी, मागे रेणुका आणि जावई हर्षवर्धन. पंखा शिट्टी वाजवतोय, एसी चालू... आणि अर्ध्या पुलावर गाडी लागली की रांगायला! मागे बसवाला हॉर्न मारतोय, ह्यांचे कान लाल, ओठ पुटपुटतायत, "हवा जास्त... हवा जास्त..." मला बघवेना हो! पदर सारखा करायच्या निमित्तानं एसीचं बटण दाबलं आणि बटणावरच्या विझलेल्या दिव्यावर पदर टाकला. वारा येतच राहतो, फक्त गरम.

गाडी चढली की! हे ओरडले, "बघितलं? ताकद जास्त!" मी आरशात पाहिलं, तर रेणुका घामानं निथळतेय आणि डोळे थेट माझ्या पदरावर. म्हटलं, संपलं सगळं. आणि पोरगी म्हणते कशी, "पप्पा, एसी जरा कमी करा ना, थंडी वाजतेय." रडूच आलं मला.

गाडी राहिली. आता हे अख्ख्या बरकतपुऱ्याला सांगत फिरतात, सुपरचार्जर बसवल्यापासून गाडीत जान आली म्हणून. खरंच आहे ते. बसवलाय ना, डाव्या सीटवर... फक्त त्याला घाम फार येतो.