दीड महिन्याची लस

वर्तकनगरला, मुलांच्या डॉक्टरांकडे, लसीच्या रांगेत माझ्यामागे चाललेलं बोलणं.

"आंटी, तुमचं बाळ कुठंय?"

"हा काय, व्हीलचेअरवर. नेविल. बेचाळीस पूर्ण."

"ह्यांना लस?"

"दीड महिन्याची. एमएसचा आजार झालेला ना. ह्याची प्रतिकारशक्ती ह्याच्याच नसा खायची. प्रयोग म्हणून डॉक्टरांनी ती पूर्ण पुसली, मग नवीन उगवली. लहानपणीच्या लसीपण पुसल्या गेल्या."

"अगंबाई! म्हणजे परत पोलिओपासून?"

"सगळं पहिल्यापासून, फक्त उशिराने. नवीन उगवून नऊ महिने झाले, म्हणून नर्सने कार्डावर वय नऊ महिने लिहिलंय."

"मम्मी, सगळ्यांना काय सांगत बसतेस!"

"तू गप रे. मागच्या वेळी सुई बघून कोण ओरडलेला?"

"आमची पण नऊ महिन्यांचीच. भिंत धरून उभी राहते."

"हा कालच राहिला."