गणेशची रॉड

(डोणगावातलं सहदेवचं वेल्डिंगचं दुकान. दुपार. सहदेवचा साळा, म्हणजे बायको कलाबाईचा भाऊ गणेश, अकोल्याहून आलेला. त्यानं आणलेली नव्या प्रकारची रॉड सहदेवच्या हातात आहे आणि ती लोखंडाच्या तुकड्याला पुन्हा चिकटली आहे. चिकटली त्यापेक्षा गणेशनं पाहिलं, हे सहदेवला जास्त झोंबलं आहे.)

गणेश : होल्डर जरासा मुरगाळा, भाऊजी. सुटते.

सहदेव : चिकटलेली रॉड सोडवाले आता तुह्यापासून शिकू काय?

गणेश : तसं नाई म्हटलं म्या.

सहदेव : तू कपाशीच्या पराटीवर फवारे मारत होता न, तवापासून मी होल्डर धरून राह्यलो. डोणगावात कोणाचीबी ट्रॉली पाह्य. माह्या हातची आहे.

गणेश : मी कुठं नाई म्हणतो? बोंडअळीनं पराटी खाल्ली, सारी उपटून बांधावर टाकली, अन् तोंड घेऊन बहिणीच्या घरी आलो. तवा तुमीच म्हटलं, बस इथं, शिक. पहिला होल्डर तुमीच देला माह्या हातात.

सहदेव : तेच चुकलं माह्यं.

गणेश : हे रॉड वेगळी आहे, दुसरं काई नाई. आपली रोजची रॉड उचलली-टेकवली तरी ऐकून घेते. हे नाई ऐकत. लोखंडाच्या अंगाले लावूनच चालवा लागते. मंधात जागा पडली का हवा घुसते, भोकं पडते.

सहदेव : अन् आधी भट्टीत शेकून काढाची. रॉड आहे का भाकर?

गणेश : ओल धरते ते. ओल अंदर गेली तं वरून साजरं दिसते अन् थंड झाल्यावर आतून तडकते. अकोल्यात बॉयलरच्या कामावर म्या हप्ताभर नुसते तुकडेच खराब केले.

सहदेव : माह्यापाशी हप्ता नाई. जिनिंगचा लोखंडी आकडा आजच्या आज जोडून द्या लागते.

गणेश : कापसाची गठाण दाबाच्या प्रेसचं दार धरते, तो?

सहदेव : हाव. रोजच्या रॉडनं जोडला होता म्या, पुन्हा तडकला. जिनिंगवाला गनीसेठ म्हणे, आता नव्या रॉडनंच पाह्यजे.

गणेश : मंग मी देतो न जोडून.

सहदेव : दुकान माह्यं आहे.

गणेश : बरं. पेटवा पुन्हा. जिथं थांबले तिथं नाई, थोडं पुढं पेटवा अन् मांगं या. उचलू नका... पुन्हा उचलली, भाऊजी.

सहदेव : दिसते मले. तू मांगून बोलू नको.

कलाबाई : जेवाचं काही ध्यान आहे काय दोघाले? अन् हे काय व बाई नवीनच? गनीसेठचा फोन आलता घरी. म्हणे, गणेश अकोल्याहून कवा येते? म्या म्हटलं, कवा येते म्हंजे? तो तं इथंच आहे, त्याच्या भाऊजीच्या दुकानात बसून राह्यला. तं ते म्हणे, सहदेव सकाळीच म्हणे का गणेश निघून गेला.

गणेश : भाऊजी?

कलाबाई : असं काऊन सांगतलं तुमी?

सहदेव : सांगतलं. तो गनीसेठ माह्याच दारात उभा राहून म्हणते, गणेशले बोलाव. मले म्हणत नाई का तू पाह्य. जो येते तो, गणेश कवा आला. घरात तू, गणेशचा हात असा न् गणेशचा हात तसा. माह्या हाताले काय झालं?

कलाबाई : माह्या भावाले असं पाण्यात पाह्यता? घरी जेवाले वाढता अन्...

सहदेव : वाढते तू.

गणेश : बाई, थांब जराशी. भाऊजी, आता जोडला तो तुकडा घन मारून पाहू. टिकला तं आकडा तुमीच जोडा. मी गनीसेठच्या समोर बी येत नाई, सांजच्या गाडीनं खरंच अकोल्याले जातो.

सहदेव : अन् नाई टिकला तं?

गणेश : गठाण दाबतानी आकड्यापाशी कोण उभं राह्यते?

सहदेव : आपला उकंडराव राह्यते. शेजारचा.

गणेश : मारू घन?

सहदेव : आण इकडं. मीच मारतो.

कलाबाई : तुटला काय?

सहदेव : एका घावात. अंदरून निरी चाळणी आहे.

गणेश : पहिल्या दिवशी साऱ्याइचं असंच...

सहदेव : तू नको समजावू मले. फोन दे... गनीसेठ, सहदेव बोलतो. गणेश इथंच आहे. नाई, गेलाच नव्हता. म्या खोटं सांगतलं... काऊन म्हंजे, सांगतलं. गाडी पाठवा. तोच जोडते.

कलाबाई : मी डबा घेऊन येतो. उपाशी नको जाऊ रे, गणेश.

सहदेव : गेली. आता गाडी येईलोक एक डाव दाखव.

गणेश : हात धरू?

सहदेव : धर.

गणेश : अंगाले लावूनच ठेवा. असं. घाई नका करू. आवाज ऐका, कढईत भजे टाकल्यावानी यायले पाह्यजे... आला. तसंच जाऊ द्या. म्या हात सोडला आता. तुमीच चालवून राह्यले.

सहदेव : बोलू नको.

गणेश : ... थांबा. हातोडी लावा. पाह्यलं? वरचा पापुद्रा एका टिचकीत निघाला. मले इतक्या लवकर नव्हतं जमलं, भाऊजी.

सहदेव : उगंच खुश नको करू.

गणेश : नाई करून राह्यलो. गाडी आली वाटते. चला न तुमी बी. आकडा धराले माणूस लागते.

सहदेव : तुह्या हाताखाली?

गणेश : माह्यासंगं.

सहदेव : आज नाई होत माह्याच्यानं. तू जाय.

कलाबाई : गेला काय? डबा तं हातातच राह्यला माह्या.

सहदेव : आताच गेला.

कलाबाई : अन् हे काय? सुईनं शिवल्यावानी जोडलं आहे. गणेशचा हात लगेच वळखू येते, नाई? त्यानंच केलं न हे?

सहदेव : हाव.

कलाबाई : पाहू बरं.

सहदेव : हात नको लावू. गरम आहे अजून.