सुलटा कप

मास्तर: धुऊन टाकतो हा कप. बघवत नाही मला. चहावर साय धरलीय.

डॉक्टर: धुवा. पण हात चालता ठेवून ऐका. वहिनी वर तोंड धुतायत, आता खाली येतील. त्या विचारणार.

मास्तर: काय विचारायचं उरलंय त्यांचं? नवरा गेला. पहाटे तुम्हीच सांगितलंत त्यांना.

डॉक्टर: तो बाहेर असताना त्याचा कप सुलटा कसा, हे विचारणार.

मास्तर: तेच मी रात्रीपासून स्वतःला विचारतोय. हा नियम माझा, डॉक्टर. कुठल्याही डोंगरात जा, कुठलंही घर भाड्यानं घ्या, मी आपल्या डोंगरभटक्या मंडळातल्या सगळ्यांकडून पोरांसारखं घोकून घेतलं. निघताना आपला कप टेबलावर उपडा घालायचा. परत आलात की बूट काढायच्या आधी सुलटा करायचा. दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही. एक जरी उपडा दिसला तरी बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायचं. हसायचे मला सगळे.

डॉक्टर: मीही हसले आहे.

मास्तर: काल संध्याकाळी मी टेबलावरून नजर फिरवली. सगळे सुलटे. म्हटलं, आले सगळे. माझ्या हातानं दाराला कडी घातली मी. आणि तो तिकडे ओढ्याकाठी पाय मोडून थंडीत पडलेला. कुणी केला असेल हो सुलटा?

डॉक्टर: वहिनींनी.

मास्तर: काय म्हणता?

डॉक्टर: मी पाहिलं. गुडघा धरला म्हणून त्या घरीच होत्या. मी पहिली आले, इथं बाकावर बूट सोडत होते. त्यांनी खिडकीतून आपली रांग डोंगर उतरताना पाहिली. म्हणाल्या, "आले वाटतं. आमचे हे रेंगाळत असतील शेपटाला, येईपर्यंत चहा निवतो त्यांचा." कप सुलटा केला, चहा ओतला, वर बशी झाकली. मग मी त्यांना गुडघ्याची गोळी दिली आणि त्या वर जाऊन गाढ झोपल्या. ती गोळी झोप आणते.

मास्तर: आणि तुम्ही गप्प बसलात?

डॉक्टर: मलाही वाटलं, येतोय मागून. रेंगाळायचाच तो. पक्षी दिसला की थांबणार, दगड दिसला की थांबणार. तो कधी पुढे होता, सांगा. नंतर मी अंघोळीला गेले. पत्ते खेळणाऱ्यांना वाटलं तो बायकोपाशी आहे. बायको उठून खाली आली, तिला वाटलं पत्त्यांत असेल. एवढ्या मोठ्या घरात माणूस नाही हे कळायला जेवणाची वेळ उलटून गेली.

मास्तर: त्यांना आठवत नाही?

डॉक्टर: नसावं. गोळीनं पुसट झालं असेल. पहाटे एकच घोकत होत्या, "ह्यांच्या कपाला कुणी हात लावला." मुलीनंही फोनवर तेच विचारलं. निघालीय ती, पोचेलच.

मास्तर: मग मी लावला.

डॉक्टर: मास्तर, असलं काही करू नका.

मास्तर: का? माझ्यामागं रडायला कोण आहे? त्या बाईला उरलेलं आयुष्य काढायचंय. आणि तसा मी सुटतो थोडाच? मागे कुणी राहिलं का हे मी वळून बघायला हवं होतं. मी कपांवर विसंबलो.

डॉक्टर: मंडळ मोडेल तुमचं.

मास्तर: मोडलंच आहे. वर बघा, सगळे पिशव्या भरतायत. एकमेकांशी बोलत नाहीत.

(जिन्यावर पावलं. वहिनी कठड्याला धरून उतरतात.)

डॉक्टर: सावकाश, वहिनी. बसा इथं.

वहिनी: बसते. बसायचंच आहे आता. मास्तर, तो कप तुम्ही धुतलात?

मास्तर: हो.

वहिनी: बरं केलंत. रात्री बघितला मी तो, भरलेला. तेव्हा ह्यांना शोधायची घाई, डोकं चाललं नाही. आता चालतंय. कुणी केला हो तो सुलटा?

मास्तर: मी केला.

डॉक्टर: मास्तर...

मास्तर: बोलू द्या मला. मीच केला, वहिनी. चहा ओतायला घेतला, सगळ्यांचे सरळ करत गेलो, त्यात त्याचाही झाला. मग विसरलो.

वहिनी: तुम्ही? ज्यांनी आम्हाला दुसऱ्याच्या कपाला शिवू दिलं नाही, ते?

मास्तर: हो.

वहिनी: मागे माझ्या हातून एकाचा कप पुसताना हलला, तर चारचौघांत बोलला होतात मला. हे म्हणाले, "जाऊ दे, मास्तर आहे, शाळा सुटली तरी छडी सुटत नाही." तुमची बाजू घ्यायचे ते कायम.

मास्तर: माहीत आहे.

वहिनी: आणि चहा ओतून तसाच ठेवलात?

मास्तर: बशी झाकली. गार होऊ नये म्हणून.

वहिनी: कुठली बशी?

मास्तर: ही. निळ्या काठाची. इथंच होती फळीवर.

वहिनी: फळीवर नव्हती, मास्तर. ह्या घरात बशी नाहीये एकही. आल्या आल्या मी कपाट धुंडाळलं, नुसते कप आहेत. ही माझ्या घरची. दर वेळी आणते मी, टॉवेलात गुंडाळून. ह्यांना चहा निवलेला चालत नाही आणि यायचे तर सगळ्यांच्या मागून.

मास्तर: मग मी ती...

वहिनी: माझ्या पिशवीत हात घातलात? वरच्या खोलीत जाऊन?

(मास्तर बशी खाली ठेवतात.)

वहिनी: खोटं बोलायला अक्कल लागते हो. ती तुमच्यात नाही. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून बडवलंत, दुसरं काय होणार. डॉक्टर, तुम्ही होतात ना इथं? बाकावर?

डॉक्टर: होते.

वहिनी: मीच ना?

डॉक्टर: हो, वहिनी.

वहिनी: किती वेळ होते हे तिकडे? जिवंत?

डॉक्टर: सांगता येत नाही.

वहिनी: तुम्हाला सांगता येतं. तुम्ही हात लावून बघितलंत त्यांना.

डॉक्टर: बराच वेळ. रात्र बरीच सरेपर्यंत.

वहिनी: म्हणजे मी झोपले होते तेव्हा, उठले तेव्हाही. हाका मारल्या असतील. ह्यांचा आवाज बारीक. घरातच ऐकू यायचा नाही, ओढ्याकाठून कुठला यायला. वाटलं असेल, आता निघतील, कप उपडा आहे माझा, मास्तर सोडायचा नाही.

मास्तर: वहिनी, नका.

वहिनी: तोच भरवसा धरून पडले असतील. आणि मी चहा झाकून झोपले.

डॉक्टर: तुम्ही प्रेमानं केलंत ते.

वहिनी: प्रेमानं केलं म्हणून ऊब मिळाली का त्यांना? राहू द्या, डॉक्टर. तुम्ही चांगल्या आहात, पण राहू द्या.

मास्तर: गाडी आली वाटतं. खाली वळणावर.

वहिनी: तीच. बापाची पोर ती, मास्तर. माझ्याशी बोलायची तीसुद्धा "बाबांना दे" एवढंच. आता फोन कुणाला द्यायचा मी? हे कळलं तर उंबरा चढायची नाही ती पुन्हा. चढली तरी माझ्या हातचा चहा घेणार नाही.

डॉक्टर: वेळ जाईल तसं समजेल तिला.

वहिनी: तुम्हाला लेक नाही, डॉक्टर. मास्तर, तुम्ही मघाशी म्हणालात, मीच केला म्हणून.

मास्तर: म्हणालो.

वहिनी: कशाला म्हणालात ते कळलं मला. एकदा म्हणालात ते मागे घेणार नाही ना?

मास्तर: नाही.

वहिनी: ती बोलेल तुम्हाला. वाट्टेल ते बोलेल. कदाचित जन्मभर.

मास्तर: बोलू दे.

वहिनी: आणि मीही तिच्या बाजूनं बोलेन. बोलावं लागेल मला.

मास्तर: बोला, वहिनी.

वहिनी: डॉक्टर, तुम्ही दार उघडा. तिच्याकडे बघून काही बोलू नका, नुसतं आत घ्या तिला. मास्तर, ती बशी द्या इकडे, तिला दिसायला नको. नीट पुसून द्या, टॉवेल ओला होईल.