मागल्या चाकाचा नट

नाय नाय, घरातच हायेत, पळून कुठं जातील? तुमी बसा ना मिथुनभाऊ, त्या पायरीवर बसा, फक्त सायकलीला पाय लावू नका. सीट-हँडलखाली गोणपाट टाकून उलटी ठेवलीय ना, जरा धक्का लागला की डुगडुगते. मागलं चाक खोललंय बगा. आता चाकच नाय तर माणूस कंपनीत येणार कसा, तुमीच सांगा — सुपरवायझर झालात तरी तुमी पण कधी सायकलीनंच येत होता की. चालत? पहिल्या पाळीला इथनं चालत निघायचं म्हणजे कोंबडं आरवायच्या आधी निघायला पायजे, आणि यांचे गुडघे तुमाला ठाऊक हायेत.

पंक्चर कधीच काढलं. नट हरवलाय. एकच नट — हो, बोईसरला मिळतात नट, मला नका सांगू, पण सासऱ्यांच्या वेळची सायकल, त्या आट्याचा नट कुठं मिळतो? आणि एका नटावर चाक बसवायचं नसतं भाऊ. आधी चेन दातांवर चढवायची, मग चाक खाचेत मागं ओढायचं, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडायची, आणि नट आवळायचा तो थोडा इकडचा, थोडा तिकडचा, परत इकडचा. मग चाक फिरवून बगायचं, ब्रेक दाबून बगायचा, आणि तेव्हा कुठं सायकल सुलटी करायची. मला कोणी शिकवलं? यांनीच. आणि यांनीच त्या दिवशी घाई केली.

त्या दिवशी म्हणजे — तुमाला काय सांगायचं, हजेरी तर तुमीच घेत होता. पहाटे पंक्चर काढलं आणि एकाच बाजूचा नट आवळून निघाले. कुंभवलीपर्यंत चाक तिरकं होऊन टायर घासायला लागला. पाना घरी. ढकलत परत आले, मला म्हणाले धर, मी चाक धरलं, हे नट आवळत होते आणि वर मलाच बोलत होते, सरळ धर, सरळ धर. पाऊण तास गेला त्याच्यात. तिकडं कंपनीत यांच्या जोडीदाराची, देवूची रात्रपाळी संपली होती, त्याची बायडी वाट बगत होती घरी, पण तो म्हणाला शांताराम येईस्तोवर मी थांबतो. आणि कंपनीत स्फोट झाला, इथं भिंतीवरचा आरसा पडला, येवडा मोठा आवाज. यांच्या हातात पाना तसाच.

म्हणून म्हणते, चाक खोललेलं बरं. देवूच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, डबा भर. देवू माझ्या जागेवर गेला, आता त्याच्या जागेवर मी नको का? मी पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर आले आणि — नाय, म्हणजे, मीच खोललं. हो, मीच. कळलं आता तुमाला. नट तांदळाच्या डब्यात हाय. मिठाच्या बरणीत ठेवणार होते, पण गंजला असता.

यांना? यांना माहीत नाय. म्हणजे — खरं सांगू? काल भात यांनीच लावला. मी दारातनं बगत होते. नट वरच आला होता. यांनी तो उचलला, हातात फिरवला, मापभर तांदूळ काढले आणि नट परत खाली दाबून ठेवला. नंतर अंगणात येऊन मलाच विचारतात, नट सापडला का गं? मी म्हटलं नाय. तर म्हणाले, सापडेल. त्या दिवसानंतर काल पहिल्यांदा पोटभर जेवले.

काय? सोमवारपर्यंत नाय आले तर नाव कापणार? आणि आजच — मोटरसायकलवर मागं बसवून नेता यांना? हे मला सुचलंच नाय बगा. इतके दिवस मी आपली त्या एका नटाच्या जिवावर झोपत होते. हळू बोला ना, भिंत कुडाची हाय, आत सगळं ऐकू जातं.

आलेच बगा. अहो, शर्ट कशाला घातला? हे मिथुनभाऊ सहज आले होते. पाना कशाला घेतला? नट अजून नाय सापडला — मुठीत काय हाय तुमच्या? राहू दे, मी काय बोलत नाय. जायचं तर जा. डबा भरते मी.

अहो, मागलं चाक तिकडं भिंतीला टेकवलंय. हे पुढलं हाय. पुढलं चांगलं हाय, त्याला काय झालंय, ते कशाला खोलताय?

बरं. हा नट पण तांदळाच्या डब्यातच ठेवते.

मिथुनभाऊ, तुमी निघा आता. मला चाक धरायला पायजे.